महामारीत विमानाने माल नेताना: सुरक्षितता कशी सांभाळायची, पायरी-पायरीने

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या काही आठवड्यांत जगातली बहुतेक प्रवासी विमानं जमिनीवर उभी राहिली. बातम्यांत रिकाम्या विमानतळांची चित्रं झळकली. कार्गोच्या माणसांना मात्र वेगळीच चिंता होती. त्याआधी जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून, म्हणजे बेलीतून जात असे. प्रवासी थांबले तशी ती जागाही गेली, आणि नेमक्या त्याच दिवसांत मास्क, व्हेंटिलेटर, चाचणीसंच, औषधं एका खंडातून दुसऱ्या खंडात तातडीने पोचवायची होती. मग प्रवासी विमानांच्या आसनांवर खोकी बांधून नेण्याची पद्धत जगभर रूढ झाली. नियामकांनी त्यासाठी सवलती दिल्या, आणि त्या द्यायलाच हव्या होत्या.

पण विमानाची सुरक्षितता एकावर एक चढवलेल्या कवचांची असते. सवलत म्हणजे त्यातलं एक कवच तात्पुरतं उतरवायला मिळालेली परवानगी. ते उतरवल्यावर त्या जागी आपण काय ठेवलं, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक पायरीवर विचारायचा आहे. विमान कंपनीचं कार्गो खातं, ग्राउंड हँडलिंग, लोड कंट्रोल (विमानाच्या वजनाचा आणि समतोलाचा हिशेब ठेवणारं खातं) किंवा फॉरवर्डिंग (पाठवणाऱ्यांचा माल कंपनीकडे आणणारे) यांपैकी कुठेही काम करणाऱ्यांना पुन्हा अशी वेळ आली तर हाताशी असावं, म्हणून हे लिहिलं आहे.

पायरी १: सवलतींची वही उघडा

माल शोधण्याआधी, दर ठरवण्याआधी हे काम. कोणती सवलत, कोणत्या नियामकाने दिली, कधी संपते, कोणत्या अटींवर दिली, आणि तिच्यामुळे गेलेल्या संरक्षणाच्या जागी काय ठेवलं, असे पाच रकाने आखा. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर ती सवलत वापरायची नाही.

आपल्या नियामकाने दिलेली सवलत दुसऱ्या देशाच्या हद्दीत आपोआप चालत नाही, हेही लक्षात ठेवा. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, देशोदेशींच्या अशा तात्पुरत्या फरकांची एकत्र नोंद ठेवण्याची सोय केली होती. मार्गावरच्या प्रत्येक देशाची नोंद तपासा, वळण घेऊन उतरण्याच्या पर्यायी विमानतळांसकट.

खरा धोका सवलती एकमेकींना भेटतात तेव्हा असतो. ९० दिवसांत ३ उड्डाणं आणि ३ अवतरणं ही वैमानिकाच्या सरावाची नेहमीची अट. ती शिथिल केली, तर एकटी ती फार भीतीदायक नाही. महिनाभर उभं असलेलं विमान पुन्हा बाहेर काढणं, तेही रोजचं काम. केबिनमध्ये माल नेणं, अटी पाळल्या तर शक्य. पण सराव सुटलेला वैमानिक, नुकतंच झाकण काढलेलं विमान आणि केबिनभर खोकी हे तिन्ही एकाच उड्डाणात आले, तर प्रत्येक सवलत देताना जे गृहीत धरलं होतं ते उरतच नाही. म्हणून वहीत सवलतींप्रमाणे पानं असतात तशी उड्डाणांप्रमाणेही असू द्या. माझ्या मते, एका उड्डाणात दोन मोठ्या सवलती एकत्र आल्या तर वरिष्ठाची लेखी सही हवी आणि तिसरी आली तर वैमानिक, विमान किंवा मालाची जागा, यातलं काहीतरी बदलायला हवं.

पायरी २: जागेचा क्रम ठरवा, आणि तो आगीच्या हिशेबाने ठरवा

माल कुठे ठेवायचा याचं उत्तर सहसा दरातून किंवा रिकाम्या जागेतून शोधलं जातं. ते आगीपासून सुरू करा.

मोठ्या प्रवासी विमानांची बेली बहुधा सी वर्गातली असते. तिथे धूर ओळखणारी यंत्रणा असते आणि कॉकपिटमधून सोडता येणारा, आग विझवणारा हॅलॉन वायूही असतो. आग लागली तर माणसाला तिथे जावं लागत नाही. मालवाहू विमानाचा मुख्य मजला सहसा ई वर्गातला असतो. तिथे धुराची सूचना मिळते, पण विझवणारी यंत्रणा नसते. वैमानिक हवेचा पुरवठा तोडतात, विमानातला दाब कमी करतात आणि आगीला ऑक्सिजन मिळू देत नाहीत.

प्रवासी केबिनमध्ये यातलं काहीही नाही. स्वच्छतागृहातला धूरसूचक सोडला तर केबिनचा धूरसूचक म्हणजे माणसाचं नाक आणि डोळे. शेकडो माणसं बसलेली असतात तेव्हा ही यंत्रणा उत्तम चालते, कारण कुणाच्या तरी पायाशी काहीतरी जळल्याचा वास लगेच येतो. माणसं उतरवून तिथे खोकी ठेवली की आपण आग ओळखणारी अख्खी यंत्रणाच उतरवलेली असते. शिवाय केबिनची हवा माणसांसाठी खेळती ठेवलेली असते, आणि ती आगीलाही तितकीच मानवते.

म्हणून क्रम असा: आधी मालवाहू विमान, मग फक्त बेली भरलेलं प्रवासी विमान, त्यानंतर आसनांवरचा माल, आणि सगळ्यात शेवटी आसनं काढून जमिनीवर रचलेला माल. शेवटच्या प्रकाराला केबिनच्या रचनेतल्या बदलाची स्वतंत्र मान्यता लागते. नुसत्या जाळ्या आणि पट्टे आणून ते होत नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली. पहिल्या इशाऱ्यानंतर सुमारे अर्ध्या तासात विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. ते तर मालासाठीच बांधलेलं विमान होतं. केबिनमध्ये माल ठेवताना हा अर्धा तास डोळ्यांसमोर असू द्या. समुद्रावरच्या लांब मार्गांवर जवळचा विमानतळ त्याहून कितीतरी दूर असतो. केबिनमधल्या मालासाठी मार्ग निवडताना वळण घेऊन उतरायला लागणारा वेळ हा पहिला निकष ठेवा. इंधन आणि अंतर त्यानंतर.

पायरी ३: केबिनमध्ये माल लावणं

इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण चुका इथेच सर्वाधिक होतात.

केबिनमध्ये काय जाईल याची यादी छोटी आणि बंद असू द्या. मास्क, गाऊन, हातमोजे, बॅटरी नसलेली उपकरणं, कोरड्या वस्तू. धोकादायक माल, कार्गोच्या भाषेत डीजी, केबिनमध्ये अजिबात नाही. “थोडंसंच आहे” हे कारण ऐकून घेऊ नका.

आता वजन. विमानाच्या आसनाची चाचणी साधारण ७७ किलोंचा माणूस गृहीत धरून होते. म्हणून तीन आसनांच्या रांगेवर २३१ किलो चालतील असा सोपा हिशेब अनेक जण करतात. तो आंधळेपणाने करू नये. माणूस पट्ट्याने आसनाला जखडलेला असतो आणि त्याचा भार पाठीवर, बैठकीवर ठरावीक तऱ्हेने पडतो. खोक्यांचा ढीग तसा बसत नाही. उत्पादकाने त्या आसनासाठी दिलेली मर्यादा, खोक्यांची उंची आणि बांधण्याची पद्धत हे तिन्ही एकत्र पाळायचं. ढीग पाठीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर उभ्या माणसाला पुढची रांग दिसत नाही आणि धूर कुठून येतोय ते कळत नाही.

बांधणी पुढच्या दिशेने ९ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट ओढ, सहन करणारी हवी. म्हणजे २० किलोंचं खोकं आपटताना १८० किलोंसारखं खेचतं. आसनाचा कमरपट्टा खोक्याभोवती कसाबसा गुंडाळणं ही बांधणी नव्हे. त्यासाठी मान्यता असलेल्या जाळ्या किंवा आसनावर बसणाऱ्या खास पिशव्या वापरा, आणि प्रत्येक जाळीवर तिची मर्यादा वाचता येते का ते बघा. डोक्यावरचे कप्पे वापरायचे असतील तर त्यांच्या दारावर छापलेली मर्यादा पाळा. आपत्कालीन दारांसमोर, मधल्या वाटेत आणि अग्निशामकांच्या पुढ्यात एकही खोकं नको, अगदी दहा मिनिटांसाठीही नको.

आसनांचा वीजपुरवठा बंद करा. आसनांवरचे स्क्रीन, चार्जिंगचे सॉकेट, आसन हलवणाऱ्या मोटारी यांना या उड्डाणात काहीच काम नसतं. खोक्यांखाली दबलेली गरम तार मात्र आग लावायला पुरते.

आता माणसं. उतरवलेल्या धूरसूचकाच्या जागी आपण हीच माणसं ठेवतो, म्हणून त्यांच्यात काटकसर करू नका. केबिनमध्ये आग विझवण्याचं प्रशिक्षण घेतलेले लोक हवेत, ठरलेल्या अंतराने फिरणारे, आणि प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवणारे. धुरात घालायचं श्वसनाचं टोपडं साधारण १५ मिनिटं पुरतं, म्हणून ते आणि अग्निशामक नेहमीपेक्षा जास्त, आणि मालाच्या दोन्ही टोकांना ठेवा. मधल्या भागात आग लागली तर माणसाला कुठल्याही बाजूने पोचता आलं पाहिजे. उड्डाणापूर्वी एकदा तरी जमिनीवर ही कवायत करून बघा: जाळी सोडून मधल्या रांगेतलं आतलं खोकं किती वेळात बाहेर काढता येतं? वेळ जास्त लागला तर ढीग कमी करा.

पायरी ४: मदतीच्या मालात लपलेला धोकादायक माल ओळखा

महामारीत माल पाठवणाऱ्यांमध्ये नवखे लोक फार असतात. कपड्यांचा कारखाना गाऊन शिवतो, सौंदर्यप्रसाधनांचा कारखाना सॅनिटायझर भरतो, संस्था वर्गणी काढून ऑक्सिजनची यंत्रं पाठवतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण डीजीचे नियम त्यांना माहीत नसतात. कागदावर “वैद्यकीय साहित्य” किंवा “मदत साहित्य” एवढंच लिहून येतं. हे दोन शब्द दिसले की खोकं बाजूला काढायचं आणि आतल्या प्रत्येक वस्तूचं नाव विचारायचं.

सॅनिटायझर म्हणजे ज्वलनशील द्रव. ७० टक्के इथेनॉलची वाफ साधारण १७ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, म्हणजे गोदामाच्या नेहमीच्या तापमानाला. तो बहुधा यूएन ११७० (यूएन क्रमांक म्हणजे धोकादायक मालाची आंतरराष्ट्रीय ओळख), वर्ग ३, पॅकिंग गट २ म्हणून जातो. प्रवासी विमानात एका पॅकेजमध्ये ५ लिटर, फक्त मालवाहू विमानात ६० लिटर अशी त्याची सर्वसाधारण मर्यादा आहे. अल्कोहोलने भिजवलेले पुसण्याचे रुमाल “कागदी रुमाल” म्हणून येतात. ते यूएन ३१७५, ज्वलनशील द्रव असलेला घन पदार्थ. फवाऱ्याचे डबे यूएन १९५०. ब्लीचचं द्रावण यूएन १७९१, आणि ते गळलं तर विमानाचा अॅल्युमिनियम खातं. पाऱ्याचा थर्मामीटर दिसायला निरुपद्रवी, पण पारा आणि अॅल्युमिनियम यांचं वैर जुनं आहे. एक फुटलेली नळी विमानाच्या सांगाड्याची लांबलचक तपासणी करायला लावते. गळ्यात अडकवायची “विषाणू पळवणारी” कार्डं क्लोरीन डायऑक्साइड सोडतात आणि त्यांत ऑक्सिडीकारक रसायन असू शकतं. उष्ण, दमट गोदामात ती तशीच पडून राहू देऊ नका.

बॅटऱ्यांचं वेगळं सांगतो. व्हेंटिलेटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, काही थर्मामीटर आणि तापमान नोंदवणारे लॉगरसुद्धा लिथियम बॅटरीवर चालतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या, यूएन ३४८०, एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून बंद आहेत आणि मालवाहू विमानात त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असता कामा नयेत. उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत बांधलेल्या बॅटऱ्यांचे नियम निराळे आहेत. पाठवणाऱ्याला थेट विचारा: बॅटरी आत आहे, सोबत आहे, की सुटी आहे? या एका प्रश्नाने निम्मा गोंधळ मिटतो.

ऑक्सिजनचे सिलिंडर, यूएन १०७२, भरलेले की रिकामे हे शब्दांवर मानू नका. मे १९९६ मध्ये व्हॅल्यूजेटच्या ५९२ क्रमांकाच्या उड्डाणात ऑक्सिजन तयार करणारे रासायनिक डबे बेलीत होते आणि कागदावर ते रिकामे दाखवले होते. आगीत विमान पडलं आणि ११० माणसं गेली. “रिकामे” या शब्दाची शहानिशा आजही त्या अपघाताच्या आठवणीनेच करायला हवी.

नमुन्यांबाबत: रुग्णाच्या घशातून घेतलेले कोविडचे नमुने यूएन ३३७३, ब वर्गातला जैविक पदार्थ म्हणून तिहेरी आवरणात जात. प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू मात्र यूएन २८१४, अ वर्ग. नव्या रोगात हे वर्गीकरण कधीही बदलू शकतं, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेची ताजी सूचनाच पाहा.

एक सापळा सांगून ठेवतो. ज्यात एकही प्रवासी नाही असं प्रवासी बनावटीचं विमान व्याख्येनुसार मालवाहू विमान ठरू शकतं. मग “फक्त मालवाहू विमानासाठी” असं लेबल असलेला माल चढवायचा मोह होतो. बेलीत तो जाईल की नाही हे कंपनीची मान्यता आणि कप्प्याचा वर्ग ठरवेल. केबिनमध्ये तो जाणार नाही, यावर चर्चा नको. ५ नोव्हेंबर २०२० पासून आयकाओच्या सहाव्या परिशिष्टात मालकप्प्यात काय नेतो याचं जोखीम मूल्यमापन करण्याची अपेक्षा घातली आहे. ते मूल्यमापन नव्या मालासाठी नव्याने करा, जुनं पान नुसती तारीख बदलून फिरवू नका.

पायरी ५: लस आणि कोरडा बर्फ

कोविडच्या लशींनी शीतसाखळीची तीन टोकं दाखवली. फायझर-बायोएनटेकच्या लशीला सुरुवातीला उणे ६० अंशांखालचं तापमान लागे, मॉडर्नाच्या लशीला उणे २० अंशांच्या आसपास, आणि अॅस्ट्राझेनेकाच्या लशीला २ ते ८ अंश. पहिलीसाठी कोरडा बर्फ लागला आणि तिथे विमान सुरक्षितता थेट श्वासाशी येऊन भिडली.

कोरडा बर्फ, यूएन १८४५, उणे ७८.५ अंशांना वितळत नाही, थेट वायू होतो. एका किलोपासून साधारण ५४० लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खाली, कोपऱ्यात साचतो. मोठ्या विमानांच्या प्रमाणीकरणात केबिनमधल्या या वायूची मर्यादा ०.५ टक्के धरलेली आहे. त्यामुळे किती किलो न्यायचा हे विमानाची हवा दर तासाला किती बदलते यावर ठरतं. बेलीत जागा किती उरली आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

हिशेब असा मांडा. समजा १,००० किलो कोरडा बर्फ आहे आणि दर तासाला त्याचा १ टक्का वायू होतो. मग ताशी १० किलो, म्हणजे सुमारे ५,४०० लिटर वायू. हा आकडा विमानाच्या ताज्या हवेच्या पुरवठ्याशी ताडून बघायचा. खरा दर पेटीच्या बनावटीवर आणि तुकड्यांच्या आकारावर अवलंबून असतो, म्हणून तो पेटी बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये युनायटेड एअरलाइन्सला ब्रसेल्स ते शिकागो लशीच्या उड्डाणांसाठी एरवीच्या ३,००० पौंडांऐवजी १५,००० पौंड, म्हणजे सुमारे ६,८०० किलो कोरडा बर्फ नेण्याची परवानगी अमेरिकी नियामकाने दिली. पाचपट वाढ शक्य झाली, कारण त्या विमानासाठी आकडेमोड करून मर्यादा नव्याने ठरवली गेली.

हवेचा पुरवठा करणाऱ्या दोन पॅकपैकी एक बंद असताना विमान एरवी उडू शकतं. कोरडा बर्फ असेल तर तीच तांत्रिक सूट मर्यादा खाली आणते, आणि ही गोष्ट इंजिनिअरिंगकडून लोड कंट्रोलपर्यंत पोचायला हवी. पोचण्याची वाट फोनची असेल तर ती एक दिवस तुटेल. लोडशीट, म्हणजे विमानातल्या भाराचा अंतिम कागद, निघण्याआधीच्या तपासयादीत तो प्रश्न छापून घ्या.

पेटी हवाबंद नको, वायू निघायला वाट हवी. एका पॅकेजमध्ये २०० किलोंपेक्षा जास्त नको. लेबलवर निव्वळ वजन हवं, आणि नोटॉकवर, म्हणजे विमानातल्या धोकादायक मालाची वैमानिकाला देण्याच्या सूचनेवर, जागा आणि किलो दोन्ही हवेत. जिवंत प्राणी शेजारी नको. कॉकपिटमध्ये आणि केबिनमध्ये वायूमापक द्या. विमान उतरल्यावर बेलीचं दार उघडलं की लोडरने लगेच आत शिरायचं नाही. आधी हवा खेळू द्या, मापक आत धरा, मगच माणूस. जमिनीवर इंजिनं आणि हवा बंद असताना साचलेला वायू वास देत नाही, रंग दाखवत नाही, आणि घाईत असलेला लोडर त्याला सगळ्यात आधी सापडतो.

पायरी ६: हलकं विमान म्हणजे सोपं विमान नव्हे

हवाई मालाच्या दरात १ घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात. मास्क आणि गाऊन याहून पुष्कळ हलके, त्यामुळे जागा संपते आणि वजन उरतं. विमान हलकं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. रिकामी केबिन आणि मागे भरलेली बेली यांनी गुरुत्वमध्य नेहमीच्या पट्ट्याबाहेर सरकू शकतो, आणि चढवण्याचा क्रम चुकला तर विमान जमिनीवरच शेपटीवर बसतं. चढवताना पुढून सुरुवात, उतरवताना मागून, आणि शेपटीला आधार.

केबिनमधल्या मालाला प्रवाशांची सरासरी वजनं लावू नका. प्रत्येक खोकं तोललेलं हवं आणि विभागवार बेरीज हवी. आसनं काढली असतील तर विमानाचं मूळ वजन आणि मूळ गुरुत्वमध्यही बदलतो. लोडशीटची संगणकप्रणाली बहुधा हे स्वीकारत नाही आणि माणूस हाताने आकडे भरतो. हाताने भरलेला प्रत्येक आकडा दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे पुन्हा काढायचा. पहिल्याचा कागद बघून मान डोलावणं हे तपासणं नव्हे.

पायरी ७: उभं असलेलं विमान पुन्हा उडवताना

ऑगस्ट २०२० मध्ये युरोपच्या सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, इशारा दिला: साठवणीतून बाहेर आलेल्या विमानांत वेग चुकीचा दाखवण्याच्या घटना वाढत होत्या. झाकण नीट न बसलेल्या, वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीत किडे घर करतात. त्याच्या आदल्या महिन्यात, जुलैच्या अखेरीस, अमेरिकी नियामकाने बोइंग ७३७ बाबत तातडीचा आदेश काढला होता. सलग ७ दिवस किंवा अधिक उभ्या असलेल्या विमानांच्या इंजिनातली हवेची एक झडप गंजून उघडी अडकत होती, आणि एक इंजिन बंद पडण्याच्या चार घटना नोंदल्या गेल्या होत्या. सात दिवस म्हणजे काही वर्षांची साठवण नव्हे, हे विसरू नये.

इंधनाच्या टाकीत जंतू वाढतात म्हणून जंतुनाशक घालतात. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गॅटविकहून उडालेल्या एका एअरबस ए३२१ ची दोन्ही इंजिनं अडखळली. टाकीत जंतुनाशक शिफारशीच्या कितीतरी पट जास्त पडलं होतं. प्रमाण मोजणारा आणि तपासणारा, दोन वेगळी माणसं हवीत.

झाकणं, खुंट्या, लाल पट्ट्या किती लावल्या त्याची संख्या लावतानाच लिहून ठेवा आणि काढताना तितक्याच मोजून घ्या. पहिल्या उड्डाणात, धावपट्टीवर वेग घेताना दिल्या जाणाऱ्या ८० किंवा १०० नॉट्सच्या हाळीला दोन्ही वेगमापक आणि राखीव मापक खरोखर वाचा. जुळले नाहीत तर तिथेच थांबा. माझा आग्रह असा की साठवणीतून निघालेल्या विमानाचं पहिलं उड्डाण रिकामं असावं किंवा फक्त बेलीच्या मालाचं असावं, दिवसा असावं, आणि सरावातल्या वैमानिकाकडे असावं.

पायरी ८: माणसं

२२ मे २०२० रोजी कराचीत पीआयएचं, म्हणजे पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचं, एअरबस ए३२० कोसळलं. चाकं आत असतानाच इंजिनं धावपट्टीला घासली, विमान पुन्हा वर गेलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. विमानातल्या ९९ पैकी ९७ जण गेले. वैमानिक कोरोनाबद्दल बोलत होते आणि त्यांच्या मनावर तोच विषय होता, असं पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी पुढच्या महिन्यात संसदेत सांगितलं. घरी आजारी माणूस असताना कॉकपिटमध्ये मन लावणं किती अवघड असतं हे सगळ्यांना कळतं. ते मोकळेपणाने सांगायची आणि पगार न कापता ड्युटी सोडायची सोय कंपनीने करायची असते. उड्डाणापूर्वीच्या भेटीत “घरी सगळे बरे आहेत ना?” हा प्रश्न तांत्रिक प्रश्नांइतकाच ठरलेला असू द्या, आणि १०,००० फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही हा नियम अधिक कडक पाळा.

कार्गोचे वैमानिक त्या काळात विमानातून हॉटेलच्या बंद खोलीत आणि खोलीतून विमानात असे आठवडेच्या आठवडे फिरले. कागदावर विश्रांतीचे तास पूर्ण दिसतात. पण खिडकी न उघडणाऱ्या खोलीतली झोप आणि घरची झोप सारखी नसते. वेळापत्रक आखताना सलग फेऱ्यांची मर्यादा कायद्यापेक्षा खाली ठेवा, आणि चाचण्यांना, विमानतळावरच्या रांगांना लागणारा वेळ ड्युटीतच धरा.

मास्कने बोलणं दबतं. रॅम्पवर, म्हणजे विमान उभं असतं त्या जागी, फोरमन आणि लोडर यांनी हाताच्या खुणा आधी ठरवाव्यात. कॉकपिटमध्ये मास्क असेल तर ऑक्सिजनचा मुखवटा चढवताना तो आधी ओढून काढण्याची सवय करायला हवी, कारण तो मुखवटा पाच सेकंदांत चढवायचा असतो. पाळ्या एकमेकींना भेटू नयेत म्हणून तोंडी हस्तांतरण बंद केलंत तर चूक तिथेच शिरते. काचेपलीकडून, फोनवरून, कसंही, पण अर्धवट भरलेलं विमान एका पाळीने दुसऱ्या पाळीला बोलून सोपवलं पाहिजे.

निर्जंतुकीकरणाबद्दल थोडक्यात: कॉकपिटमध्ये फवारा नको. वीज बंद करून, उत्पादकाने मान्य केलेल्या द्रवाने, बहुधा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापड ओलसर करून पुसा. स्विचच्या फटीत द्रव जाऊ देऊ नका, आणि वाफ जाईपर्यंत दारं उघडी ठेवा.

पायरी ९: सवलत संपते तेव्हा

केबिनमधल्या मालाच्या सवलती युरोपात जुलै २०२२ अखेर संपल्या. संपण्याची तारीख सुरुवातीपासून वहीत असते, तरी अखेरच्या आठवड्यात आणखी एक फेरी मारण्याचा दबाव येतोच. तारखेच्या दोन आठवडे आधीच नोंदणी बंद करा.

विमान प्रवाशांसाठी परत देताना प्रत्येक आसन स्वतंत्रपणे तपासा: सांगाडा वाकलाय का, पट्टा फाटलाय का, पाठ अडकते का. आसनांच्या रुळांत लाकडाचे तुकडे, पट्ट्यांचे धागे, प्लास्टिकच्या क्लिपा अडकतात. ते काढल्याशिवाय आसन नीट कुलूपबंद होत नाही. भिंतीच्या खालच्या पट्ट्या खोक्यांच्या कोपऱ्यांनी मोडतात, आणि दाब अचानक कमी झाला तर हवा वाहायची वाट तिथूनच असते. डोक्यावरच्या ऑक्सिजन मुखवट्यांची दारं उघडतात का बघा. बंद केलेला आसनांचा वीजपुरवठा सुरू करून एक पूर्ण तास कुणीतरी केबिनमध्ये बसून राहा. जादा ठेवलेले अग्निशामक आणि टोपडी मोजून परत घ्या, वापरलेली बदला, आणि मूळ जागी मूळ संख्या आहे ना ते नकाशाशी ताडून पाहा. आसनं काढली होती तर विमान पुन्हा तोला, आणि नवं वजन लोड कंट्रोलच्या प्रणालीत चढल्याची पोच हातात आल्यावरच वहीतली त्या सवलतीची ओळ खोडा.